उसना चेहरा, स्वतःचा हिशोब

29 एप्रिल 2019, सोमवार. त्या दिवशी पिंपरी-चिंचवड या एकाच शहरातल्या मतदारांनी दोन वेगवेगळ्या खासदारांसाठी मतदान केलं. पिंपरी आणि चिंचवड विधानसभेतल्या लोकांची बटणं मावळ लोकसभेसाठी दाबली गेली, तर भोसरीतल्या लोकांची शिरूरसाठी. दोन्हीकडे राष्ट्रवादी काँग्रेसचा उमेदवार नवखा होता. याआधी कुठलीच निवडणूक जिंकलेला नव्हता, अगदी नगरसेवकपदाचीही नाही. दोन्हीकडे समोर शिवसेनेचा विद्यमान खासदार होता.

23 मे रोजी निकाल लागला. मावळमध्ये पार्थ पवार 2,15,913 मतांनी हरले. शिरूरमध्ये डॉ. अमोल कोल्हे 58,483 मतांनी जिंकले.

देशभर मोदी लाट होती. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेना युतीने घेतल्या आणि राष्ट्रवादीच्या वाट्याला चार आल्या. त्या चारांतली एक शिरूर. त्यामुळे ‘सिरियलमधला हिरो होता, म्हणून निवडून आला’ हे एका ओळीतलं उत्तर लगेच तयार झालं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. उरलेलं अर्धं शोधायचं तर आधी हा मतदारसंघ नीट पाहावा लागतो.

एक शहर, दोन खासदार

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. गावं वाढत गेली, एकमेकांना चिकटली आणि शहर झालं. हवेली विधानसभा मतदारसंघ इतका फुगला की 2008 च्या पुनर्रचनेत त्याचे तुकडे करून पिंपरी, चिंचवड आणि भोसरी असे तीन मतदारसंघ काढावे लागले.

लोकसभेसाठी मात्र हे तिघे एकत्र राहिले नाहीत. पिंपरी आणि चिंचवड गेले मावळात, ज्याला बोरघाटाखालचे कर्जत, पनवेल आणि उरणही जोडलेले आहेत. भोसरी गेली शिरूरमध्ये. तिथे तिच्या सोबतीला जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर हे ग्रामीण भाग आणि दुसऱ्या टोकाला हडपसर. चाकण एमआयडीसी खेड-आळंदीत येते. म्हणजे भोसरीत सुटा भाग बनतो, चाकणला तो गाडीत बसतो आणि या सगळ्या पट्ट्याचा खासदार ठरवताना जुन्नरच्या द्राक्षबागायतदाराचं मतही तितक्याच वजनाचं असतं.

शिरूर हा जुन्या खेड लोकसभा मतदारसंघाचा नवा अवतार. खेडने याआधीही धक्के दिले होते. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इथून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके निवडून गेले. 1989 मध्ये जनता दलाचे किसनराव बाणखेले. 2004 मध्ये शिवाजीराव आढळराव पाटील, तेही राष्ट्रवादी सोडून शिवसेनेत येऊन. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचा हा माणूस इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग उभारून राजकारणात आलेला. 2009 मध्ये त्यांनी भोसरीच्या विलास लांडे यांना 1,78,611 मतांनी हरवलं, 2014 मध्ये देवदत्त निकम यांना 3,01,814 मतांनी.

राष्ट्रवादीने आधी शहरातला उमेदवार देऊन पाहिला, मग ग्रामीण भागातला. दोन्ही वेळा पराभव, आणि दुसऱ्या वेळी जास्त मोठा. 2019 मध्ये तिसरा प्रयोग करायचा होता.

नारायणगावचा डॉक्टर

अमोल कोल्हे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचे. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं: टोमॅटोचा बाजार आणि तमाशा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या गावच्या. आजही जत्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपाऱ्या द्यायला येतात. कलावंत पाहून, भाव ठरवून, विसार देऊन तारीख पक्की करायची, हा इथला जुना व्यवहार. कलावंताची किंमत या गावाला नेमकी ठाऊक आहे.

कोल्हे हुशार विद्यार्थी होते. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झाले. मग डॉक्टरकी बाजूला राहिली आणि अभिनय पुढे आला. 2008 मध्ये स्टार प्रवाह वाहिनी सुरू झाली तेव्हा नितीन चंद्रकांत देसाई यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली. तेव्हा शाळेत असलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर महाराज म्हटलं की आधी तोच चेहरा येतो. सप्टेंबर 2017 मध्ये झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली, आणि या वेळी ते संभाजी महाराज होते.

दरम्यान ते राजकारणातही होते, पण शिवसेनेत. पक्षाचे उपनेते होते, प्रचारसभांत भाषणं करत होते. 1 मार्च 2019 ला त्यांनी शरद पवारांच्या उपस्थितीत राष्ट्रवादीत प्रवेश केला. मतदानाला दोन महिनेही उरले नव्हते. गंमत पाहा: आढळराव राष्ट्रवादीतून शिवसेनेत येऊन खासदार झाले होते, आणि त्यांना आव्हान द्यायला कोल्हे शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले.

भूमी आणि भूमिका

लोकसभेचा उमेदवार व्हायला कायद्याने फार काही लागत नाही. वय 25 पूर्ण हवं, देशात कुठेतरी मतदार यादीत नाव हवं आणि खुल्या जागेसाठी 25 हजार रुपये अनामत. बाकी जे लागतं ते अर्जात लिहायचं नसतं: लोकांना तुम्ही आधीपासून माहीत असायला हवेत. सहा विधानसभा मतदारसंघ, वीस लाखांहून जास्त मतदार आणि हातात दोन महिने. एवढ्यात कोणीही सगळ्या दारांपर्यंत पोचू शकत नाही. म्हणून नवखा उमेदवार ओळख उसनी घेतो. कोणी पक्षाची, कोणी आडनावाची, कोणी पैशाची. कोल्हेंनी घेतली एका भूमिकेची.

पण तीच भूमिका दुसऱ्या एखाद्या मतदारसंघात इतकी चालली असती का, याबद्दल मला शंका आहे. शिवनेरी जुन्नर तालुक्यात, कोल्हेंच्या गावापासून जवळ. संभाजी महाराजांची समाधी वढू बुद्रुकला, शिरूर तालुक्यात. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने झुंजवलं तो संग्रामदुर्ग चाकणमध्ये. इथल्या माणसाला ही कथा कुणी बाहेरून आणून सांगत नव्हतं. शिवारातली, रस्त्यालगतची ठिकाणं रोज संध्याकाळी टीव्हीवर येत होती, आणि त्या कथेतला राजा दिवसा गावात येऊन हात जोडत होता. मालिका निवडणुकीच्या काळातही सुरूच होती.

ही आठवण निव्वळ अभिमानाची होती असंही नाही. डिसेंबर 2017 च्या अखेरीस वढू बुद्रुकमध्ये गोविंद गोपाळ यांच्या समाधीच्या फलकावरून तणाव झाला आणि 1 जानेवारी 2018 ला शेजारच्या कोरेगाव भीमात हिंसाचार उसळला. संभाजी महाराजांवरचे अंत्यसंस्कार कोणी केले, हा प्रश्न इथे पुस्तकी नव्हता. त्यावरून माणसं एकमेकांसमोर उभी राहिली होती. अशा जमिनीवर त्याच राजाची भूमिका करणाऱ्याने मतं मागायची, म्हणजे प्रत्येक वाक्य तोलून बोलायचं.

त्यात भर पडली रोजच्या प्रश्नांची. पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी, चाकण-खेड भागात व्हायचा म्हणून वर्षानुवर्षं गाजलेला आणि शेवटी पुरंदरकडे गेलेला विमानतळ, आणि बैलगाडा शर्यत. 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जलिकट्टूबरोबर इथल्या घाटांतल्या शर्यतीही थांबल्या होत्या. 2017 मध्ये राज्याने कायदा केला, पण उच्च न्यायालयाने परवानगी रोखली. शहरात बसून हा विषय हौसेचा वाटतो. जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये जत्रेची तारीख, बैलाची किंमत आणि गावकीचा मान हे सगळं त्या घाटाशी बांधलेलं असतं. पंधरा वर्षांच्या खासदाराला या प्रत्येक प्रश्नावर जाब विचारता येत होता. नवख्या उमेदवाराचा हा एक मोठा फायदा: त्याच्या नावावर अजून काहीच थकलेलं नसतं.

आकडे उघडून पाहिले तर

एकूण मतं अशी: कोल्हे 6,35,830, आढळराव 5,77,347. पण बेरीज पुष्कळ गोष्टी झाकते. विधानसभानिहाय पाहिलं की चित्र बदलतं.

जुन्नरमध्ये कोल्हे साधारण 41 हजारांनी पुढे होते. शिरूर आणि आंबेगावमध्ये प्रत्येकी 25-26 हजारांच्या आसपास. खेड-आळंदीत, म्हणजे चाकण जिथे आहे तिथे, सात हजारांच्या थोडं वर. हडपसरमध्ये ते पाचेक हजारांनी मागे होते. आणि भोसरीत आढळराव तब्बल 37 हजारांनी पुढे होते.

घरोघरी टीव्ही तर भोसरीतही होता. मालिका तिथेही पाहिली जात होती. मग चेहरा एकच असून जुन्नरला मतं का वळली आणि भोसरीत का नाही?

माझं उत्तर असं: जुन्नरला निवडून आला तो नुसता टीव्हीवरचा संभाजी नव्हता, नारायणगावचा पोरगाही होता. तिथे चेहऱ्यामागे घर होतं, नातीगोती होती, पक्षाची जुनी सहकारी यंत्रणा होती. आंबेगावमध्ये दिलीप वळसे पाटलांची ताकद होती, आणि आढळराव स्वतः तिथलेच असूनही तिथे मागे पडले. प्रसिद्धी लोकांना सभेपर्यंत आणते. सभेपासून मतदान केंद्रापर्यंत न्यायला गावातला कार्यकर्ता लागतो. भोसरीत तोवर ती यंत्रणा भाजपकडे सरकली होती. 2017 मध्ये महापालिका राष्ट्रवादीच्या हातून गेली होती आणि भोसरीचे आमदार महेश लांडगे युतीच्या बाजूला होते. तिथे चेहरा एकटा पडला.

मावळचा निकाल हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतो. पार्थ पवारांकडे होतं आडनाव, आणि तेही याच शहरात वजन असलेलं. कारण पिंपरी-चिंचवडच्या कारभारावर अजित पवारांची अनेक वर्षं पकड होती. घरातले किती जण उभे राहणार, असा प्रश्न आल्यावर शरद पवारांनी स्वतः माढ्यातून माघार घेतली होती. पण समोर श्रीरंग बारणे होते, थेरगावचे. वर्षानुवर्षं नगरसेवक, 2009 मध्ये चिंचवड विधानसभेला पराभूत आणि 2014 मध्ये लोकसभेला पहिल्याच प्रयत्नात विजयी. त्यांच्याआधी 2009 मध्ये मावळचे पहिले खासदार झालेले गजानन बाबर हेही हवेलीचे माजी आमदार, स्थानिकच. पार्थ यांचं पहिलंच जाहीर भाषण अडखळलं आणि त्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले. तेवढ्याने दोन लाख मतं जात नाहीत. पण ज्याला लोक आधीपासून ओळखत नाहीत, त्याची पहिली ओळख तीच होऊन बसते. आडनाव उसनं घेता येतं, त्या आडनावाने केलेली वीस-पंचवीस वर्षांची कामं स्वतःच्या नावावर करून घेता येत नाहीत.

यादीत नसलेली माणसं

या सगळ्या हिशोबात एक माणूस येतच नाही. चाकणच्या चौकात सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणारा कंत्राटी कामगार. तो बीड, लातूर, नांदेडचा असतो किंवा बिहार, उत्तर प्रदेशचा. दहा-बारा जण मिळून खोली घेतात, करार संपला की कंपनी बदलते, कंपनी बदलली की खोली. कायद्याने जिथे माणूस सामान्यतः राहतो तिथल्या यादीत त्याचं नाव असायला हवं. प्रत्यक्षात पत्त्याचा पुरावा गावाकडचा, नाव गावाकडच्या यादीत. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्या एका दिवसात चाकणहून गावी जाऊन मत देऊन परत कसं यायचं, याचं उत्तर त्या कलमात नाही.

म्हणून देशातल्या सर्वांत मोठ्या वाहन-उद्योग पट्ट्यांपैकी एक असूनही इथल्या निवडणुकीत बैलगाड्याचा घाट जितका गाजतो तितका कंत्राटी कामगाराचा पगार गाजत नाही. यात शेतकऱ्याचा काही दोष नाही, त्याचं नाव यादीत आहे एवढंच. नवखा उमेदवार नवे प्रश्न घेऊन येईल असं आपल्याला वाटत असतं. पण तोही शेवटी यादी हातात घेऊनच फिरतो. ज्याचं नाव यादीत नाही, त्याच्या दारात नवखाही जात नाही आणि जुनाही.

हिशोबाची पाच वर्षं

पौराणिक मालिकांतले चेहरे लोकसभेत जाणं नवं नाही. ‘रामायण’मधल्या सीता, दीपिका चिखलिया, 1991 मध्ये बडोद्यातून निवडून आल्या. त्याच मालिकेतले रावण, अरविंद त्रिवेदी, त्याच वर्षी साबरकांठातून. ‘महाभारत’मधले कृष्ण, नितीश भारद्वाज, 1996 मध्ये जमशेदपूरमधून. तिघेही भाजपचे. आणि तिघांपैकी कोणीही दुसऱ्यांदा लोकसभेवर निवडून गेलं नाही. म्हणजे उसना चेहरा एक टर्म टिकतो, असाच आजवरचा अनुभव होता.

कोल्हेंच्या बाबतीतही चेहऱ्याचं व्याज लवकरच भरावं लागलं. ‘खासदार मतदारसंघात दिसत नाहीत’ ही तक्रार पहिल्या टर्मभर त्यांच्यामागे राहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये मालिका संपली आणि लगेच कोविड आला. जानेवारी 2022 मध्ये त्यांचा एक जुना चित्रपट ओटीटीवर यायचा होता, त्यात त्यांनी नथुराम गोडसेची भूमिका केली होती. चित्रीकरण खासदार होण्याआधीचं होतं, पण लोकांनी ते वेगळं ठेवलं नाही. कसं ठेवणार? संभाजी महाराजांच्या भूमिकेचं पुण्य खऱ्या माणसाच्या खात्यावर जमा झालं होतं, मग गोडसेच्या भूमिकेचं ओझंही त्याच खात्यावर पडणार. कोल्हेंनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला.

डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या शर्यतींना सशर्त परवानगी दिली. फेब्रुवारी 2022 मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात कोल्हे बारीपुढे घोडीवर बसून धावले. आधी बोलून दाखवलेला शब्द त्यांनी असा पाळला. परवानगी मिळण्यामागे राज्य सरकार, वकील, बैलगाडा संघटना आणि सगळ्या पक्षांचे नेते होते, श्रेयाची ओढाताणही झाली. पण घोडीवरचा तो फोटो एकट्या खासदाराचा होता. अभिनेत्याला चित्रचौकट कळते.

मे 2023 मध्ये पिंपरीच्या एचए मैदानावर त्यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ महानाट्याचे प्रयोग झाले. कारखान्याच्या नावाच्या मैदानावर खासदार पुन्हा राजा झाला. दीड-दोन महिन्यांत खरं राजकारण नाटकापेक्षा वेगाने फिरलं. 2 जुलै 2023 ला अजित पवारांचा शपथविधी झाला तेव्हा कोल्हे तिथे हजर होते. दुसऱ्याच दिवशी ते शरद पवारांच्या बाजूला उभे राहिले आणि तिथेच थांबले. वर्षाअखेरीस अजित पवारांनी शिरूरमध्ये त्यांच्याविरुद्ध उमेदवार देऊन तो निवडून आणण्याचं जाहीर आव्हान दिलं.

तो उमेदवार ठरला तो पुन्हा शिवाजीराव आढळराव पाटील, या वेळी अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून. 2019 मध्ये ज्यांनी कोल्हेंसाठी यंत्रणा हलवली होती, त्यांतले वळसे पाटलांसह बरेचसे आता समोरच्या बाजूला होते. घड्याळ चिन्हही तिकडेच. कोल्हेंकडे नवं चिन्ह होतं, तुतारी वाजवणारा माणूस. म्हणजे 2019 चा चेहरा सोडला तर बाकी बहुतेक भांडवल गेलेलं.

आणि प्रचारात कोल्हेंनी तो चेहराच बाजूला ठेवला. पुढची पाच वर्षं अभिनयातून विश्रांती घेऊन मतदारसंघाला वेळ देईन, असं त्यांनी जाहीर केलं. ज्या भूमिकेने त्यांना पहिल्यांदा निवडून दिलं, दुसऱ्यांदा मत मागताना तीच सोडण्याचा शब्द द्यावा लागला.

4 जून 2024 च्या निकालात कोल्हेंना 6,98,692 मतं मिळाली, आढळरावांना 5,57,741. फरक 1,40,951.

याचं सगळं श्रेय त्यांच्या कामाला द्यायचं का? नाही. पक्षफुटीनंतर शरद पवारांबद्दल सहानुभूती होती, कांद्याच्या निर्यातबंदीने शेतकरी चिडलेला होता, आणि पंधरा वर्षं एका झेंड्याखाली लढलेला विरोधक दुसऱ्याच चिन्हावर उभा होता. पण यंत्रणा गेल्यावरही मतं वाढली, हे नाकारता येत नाही. 2019 मध्ये लोकांनी ओळखीच्या चेहऱ्याला संधी दिली. 2024 मध्ये तो चेहरा कुणाच्या बाजूला उभा राहिला, हे पाहून दिली. सीता, रावण आणि कृष्ण यांना जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण मधल्या काळात एक निर्णय असा घ्यावा लागला ज्याची संहिता दुसऱ्या कुणी लिहिलेली नव्हती.

पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या उमेदवाराबद्दल आपण नेहमी विचारतो, याचा अनुभव काय? शिरूर आणि मावळ पाहिल्यावर मला जास्त उपयोगी वाटतो तो वेगळा प्रश्न: याने ओळख कुणाकडून उसनी घेतली आहे, आणि ती फेडायची वेळ आली की याच्याकडे स्वतःचं काय उरेल?

चाकणचा चौक मात्र अजून तिथेच आहे. पुणे-नाशिक रेल्वे वर्षानुवर्षं कागदावर फिरते आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणींमुळे तिचा मार्गही वादात सापडला. सकाळच्या पाळीची बस कोंडीत अडकते, तेव्हा आतल्या किती जणांचं नाव शिरूरच्या यादीत आहे हे कुणी मोजत नाही. पुढचा नवखा उमेदवार तिथूनच हात जोडत जाईल. बसमधल्यांपैकी कुणी त्याच्याकडे पाहीलही. पण तो त्यांच्याकडे पाहील का, हे यादीवर अवलंबून आहे.